बाईच्या दुपट्ट्याचे चार टोकं

माही मोठी बहीन रुख्माबाई मागल्या महिन्यात गेली. आमी तिले बाईच म्हनत होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मले दोन शब्द बोलाचे होते, पन ते राहूनच गेले. आता सरितानं, माह्या नातीनं, फोनवर मराठी टाइप कराले शिकवलं, तं सांगून राह्यलो. मी दोन वर्ग शिकलो. बाई तं एकही नाई.

खैरलांजीकडचं आमचं गाव. सदुसष्ट सालची गोठ हाये. दोन वर्स पानी नाई पडला, धान गेला. लाखोरी, म्हंजे लाखेची दाळ, तेवढी आली, तिले पानी लागत नाई. पाटलाच्या वावरात राबलं का सांजेले लाखोरीच मापून भेटे. तिचीच रोटी, तिचंच बेसन, तिचीच दाळ. अन गावात जवान मानसं लंगडे होऊन राह्यले होते. आधी पोटऱ्या ताठत, मंग पंज्यावर चालत, मंग काठी, मंग दोन काठ्या. प्रेमलाल म्हनून कुस्ती खेळनारा गडी होता, तो आंगनात घसटत फिरे. लोक म्हनत, धानाच्या बांधीतल्या गार पान्यात उभं राहून वारं धरते.

त्याच थंडीत माह्याही पोटऱ्या ताठाले लागल्या. वीस वर्साचा होतो. हट्टा गावच्या एका पोरीसंगं माह्या लग्नाची गोठ चालली होती. घरात दोघंच आमी, म्हनून बाईलेच मालूम होतं. बाई म्हने, "महागू, लोकाइसमोर बसूनच राहत जा, उठू नको."

तवाच जीप घेऊन एक डॉक्टर आला, सरवे कराले. हिंदी बोले. घराघरात शिराले त्याले एक बाईमानूस पायजे होतं. आमची बाई दाई होती, अर्ध्या गावचे लेकरं तिच्या हातचे. तिले कोन अडवते? तिलेच ठेवलं.

पयले आठ दिवस डॉक्टर लंगड्याइले विचारे, काय खाता. सारे सांगत, भात अन तुवरीची दाळ. परक्यासमोर लाखोरी खातो म्हनाची लाज वाटे, अन पाटलाचा भेवही होता. बाईनंही आपल्या घरचं तसंच सांगतलं. डॉक्टरनं सारं लिहून घेतलं. त्याले संशय लाखोरीचाच होता, पन वही पाह्यली तं गावात लाखोरी कोनी खातच नाई. तो म्हने, मंग पान्यातच दोष असन, आमी परवा निघतो.

बाईले हासू आलं. "साहेब, मानसाले काहून विचारता? जात्याले विचारा."

डॉक्टरनं निघनं रद्द केलं. दुसऱ्या दिसापासून बाई पाह्यटे घरात शिरे, जात्याभवतालचं पीठ चिमटीत घेये, वास घेये. काय खाता असं बायाइले विचारेच नाई. काल काय दळलं, परवा काय दळलं, हे विचारे. दळनाचं खोटं चालत नाई, शेजारनीले मालूम असते.

मंग डॉक्टर म्हने, लंगड्याच्या एका घरामागं धड पायाचे दोन घरं पाहा. तेवढ्याच वयाचे गडी, तीच पान्याची हीर, तीच बांधी. बाई भांडली त्याच्यासंगं. धडधाकट मानसाच्या घरी जाऊन काय करू, दवा त्याइले देता का? पन घरी येऊन चुलीपुढं बसली अन मलेच समजावू लागली. एका चुलीवर दोन हांड्या चढवल्या, एक नासली. नासलेल्या हांडीतच डोकावून काय समजते? पानी तं दोघीतही तेच हाये. चांगलीत काय नाई पडलं, तेही पाहा लागते.

लिहनं येत नोहोतं, म्हनून तिनं जुना दुपट्टा घेतला. चार टोकं. लंगडा अन रोज लाखोरी, हे पयलं. लंगडा पन लाखोरी नाई, दुसरं. धड अन रोज लाखोरी, तिसरं. धड अन लाखोरी नाई, चवथं. एका घराचा एक चिंचोका, ज्याच्या त्याच्या टोकात बांधे. वीस दिवस फिरली. पयलं अन चवथं टोक फुगलं, मधले दोन चिपकलेलेच राह्यले.

शेवटच्या दिवशी शाळेच्या ओसरीत मोजनी झाली. खेमराज गुरुजी होते, गावातले बरेच जन होते. मी पायरीवर बसलो होतो. डॉक्टर खुश होऊन मोजत होता. मंग बाईनं चवथ्या ढिगातला एक चिंचोका उचलला अन पयल्यात ठेवला.

डॉक्टर म्हने, "ये क्या किया, बाई?"

"हा माह्या घरचा हाये साहेब. म्या खोटा टाकला होता." अन माह्याकडं पाहून म्हने, "महागू, उठ. चालून दाखव साहेबाले."

मी उठलो. दहा पावलं चाललो असन, साऱ्याइच्या डोळ्यासमोर, पंज्यावर. कोनी हासलं नाई.

डॉक्टरनं पोटऱ्या दाबून पाह्यल्या. म्हने, आजपासून लाखोरी बंद केली तं बिमारी इथंच थांबन. गेलं ते वापस नाई येनार.

हट्ट्याची गोठ तुटली. मी बाईवर लय रागावलो. घरात लाखोरीची कोठी भरलेली अन खाले मना. म्या टोमना मारला, "डाक्टरीन बाई, मंग खाऊ काय?"

"धान भेटन त्यातला माहाही वाटा तूच खाय," म्हने.

तिनं पाटलाचं काम सोडलं. दोन कोसावर मजुरीत धान देत, तिकडं पायी जाये. बाळंतपनाच्या घरी म्हने, मले तुटकी चुरीच द्या, पन तांदुळाची. त्या चुरीच्या पेजेवर माहे पाय वाचले.

तीन वर्सानं तोच डॉक्टर तीच वही घेऊन तेच घरं पाहाले आला. प्रेमलाल तसाच आंगनात होता. माह्या नावापुढं डॉक्टरनं लिहलं, बिना काठी. बाईनं त्याच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं.

मंग माही बायको लीलाबाई घरात आली, लेकरं झाले, चाळीस वर्स नांगरामागं चाललो. डाव्या पायाची टाच अजूनही टेकत नाई. लाजेपायी बाईनं तो चिंचोका चवथ्या ढिगातच राहू देला असता, तं मीही प्रेमलालसारखा घसटत राह्यलो असतो.

बाईले नेलं त्या दिवशी पोट्टे म्हने, आजा, तुमी टॅक्टरात बसा, नदी दूर हाये. मी नाई बसलो. खांदा देला, अन नदीवरी चालत गेलो. काठी नोहोती हातात.