अप्पांची न उघडणारी मेल

आमच्या नांदेडच्या संस्थेत सिद्धेश्वर अप्पा टपाल सांभाळतात. छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आम्ही सुरक्षित जागा मिळवून देतो. त्या जागांचे पत्ते कुलूपबंद मेलने येतात. पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, टाकल्याशिवाय मेल उघडत नाही. अप्पा मूळचे उदगीरचे, कपाळावर भस्माच्या रेघा. पूर्वी कंधारच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. मी हिशेब पाहतो, माझे टेबल त्यांच्या समोरच.

आमच्याकडे आलेला माणूस समोर बसत नाही. खुर्ची ओढून थेट अप्पांच्या खांद्याला लागून बसतो आणि पडद्यात डोकावतो. हटकले तर त्याला वाईट वाटते. सगळ्यांदेखत पासफ्रेज कशी टाकायची? म्हणून अप्पांनी ती संगणकालाच लक्षात ठेवायला लावली, आणि लक्षात ठेवण्याची मुदत एवढी वाढवून ठेवली की ती टाकायची वेळच येईना.

परवा दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा लक्षात ठेवलेली पासफ्रेज पुसली गेली होती. शेजारी जळकोटच्या सरजाबाई पिशवी घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याच्या भावांनी त्यांची आधीची जागा शोधून काढली होती. अंधार पडायच्या आत निघायचे होते, आणि कुठे जायचे ते नुकत्याच आलेल्या मेलमध्ये होते.

अप्पांनी पासफ्रेज टाकली. चूक. पुन्हा टाकली. चूक.

“दादा, कुलूप तुमचंच हाय ना?” सरजाबाई म्हणाल्या. “का शेजाऱ्याचं उघडून राहिले?”

अप्पांना हसू आले नाही. त्यांनी लातूरला धम्मदीपला फोन लावला. आमचे संगणक तोच बघतो.

“अप्पा, विसरले असाल. इतके दिवस टाकलीच न्हाई तर काय होणार?”

“रोज पूजेनंतर मनात म्हणतो रे मी ती. विसरंन कसा?”

“मग मेलच्या कुलपाची नवी चावी बनवा, पत्ते पाठवणाऱ्यांना कळवा. पण ते आधी चावी पारखून घेतील. उद्यावर जाईल.”

“उद्या न्हाई चालत,” सरजाबाई हळूच म्हणाल्या. पिशवीचा बंद त्यांनी मुठीत आवळला होता.

अप्पांनी मान खाली घालून मराठीत मेल लिहायला घेतली: चावी चालत नाही, पत्ता लवकर कळवण्याची काही सोय करावी. पाठवताना डिजिटल सहीसाठी पासफ्रेजची चौकट पुन्हा उघडली. अप्पांनी चरफडतच बोटे चालवली. सही झाली.

“आँ?” ते कीबोर्डकडे बघत राहिले. फोन अजून चालूच होता. “अरे धम्मदीप, ही पासफ्रेज बनवली तेव्हा कीबोर्ड मराठीवर होता! दिवसभर मराठीच टाईप करतो ना मी. चौकटीत तर नुसते ठिपकेच दिसतेत, कळणार कसं? संगणक नव्यानं चालू झाला तो इंग्रजीवर. आता मेल लिहायला मराठी केला, तर लागली!”

“लई भारी, अप्पा!” तिकडून धम्मदीप ओरडला. “मला हे सुचलंच न्हाई.”

आता पत्त्याची मेलही उघडली. बाकावर आणखी दोघे येऊन बसले होते. अप्पांनी पडदा सरजाबाईंकडे वळवला.

“दादा, मला कुठं वाचता येतंय?”

तेव्हा अप्पा उठले, त्यांना दाराबाहेर घेऊन गेले आणि कानाजवळ वाकून काहीतरी म्हणाले. सरजाबाईंनी मान डोलावली, पदर डोक्यावर घेतला आणि रिक्षात बसल्या.

रिक्षा कुठल्या दिशेला वळली ते मी पाहिले नाही. अप्पांनीही सांगितले नाही.