ब्याण्णव किलोंची बोट

फिटरमामांच्या हातात काहीही द्या, आधी ते जोखून बघणार. पाना असो नाहीतर पितळी तांब्या, हलका लागला की नाक मुरडलंच! "हलकं म्हंजे कच्चं." आता मामा नाहीत, नाहीतर हे लिहिलेलं हातात घेऊन म्हणाले असते, "कागद लई पातळ हाय की."

मामा मूळचे नातेपुत्याचे. जन्म साखर कारखान्यात गेला. हंगामात मशीन बंद पडलं तर शेतकऱ्यांचा ऊस वाळतो, म्हणून दोन बोल्ट पुरतील तिथे ते चार ठोकायचे. निवृत्त झाले आणि मोबाइलवर शर्यतीची बोट बघून वेडेच झाले. पुढे दोन बाजूंना दोन पाय, मागे पाण्यात फिरणारा पंखा. वेग घेतला की तेवढीच पाण्याला टेकते, बाकी सगळी हवेत! "उजनीवर आसली बोट म्या सोता पळवनार," असं त्यांनी गावभर सांगून टाकलं.

मी कारखान्यात ड्रॉइंग काढायचे, म्हणून आराखडा माझ्या गळ्यात पडला. मी सहा मिलिमीटरचं प्लायवुड लिहिलं, मामांनी बारा आणलं. जुन्या व्हॅनचं इंजिन बोटीच्या पोटात बसवलं, तेही जाड लोखंडी चौकटीवर. मी ओरडले, तर म्हणाले, "तू गप कागद रंगीव."

धरणाच्या काठावर नारळ फुटला, इंजिन गर्जलं आणि बोट म्हशीसारखी पाण्यात बसून राहिली. मासेमारी करणारे खिदळले, "मामा, दोरी सोडायची राहिली व्हय?" मामा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मग एके सकाळी वाण्याचा तराजू घेऊन माझ्या दारात. "सांग पोरी, कुटं कुटं कापू?"

चौकट गेली, जाड प्लायवुड गेलं, जादा बोल्ट गेले. एकेक बोल्ट काढताना मामांचा चेहरा बघवत नव्हता. तरी बोट नाक उचलायची आणि आपटायची. काढायला काही उरलंच नाही, तेव्हा मामा स्वतः धान्याच्या काट्यावर उभे राहिले. ब्याण्णव किलो. उतरले आणि हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं.

"मामा, बोट तुमची आहे!"

"बोट उडाली पायजे. आत कोन बसलंय ते पान्याला काय म्हाईत?"

काठच्या गावांची दरवर्षीची बोटींची शर्यत होती. मला धड स्कूटी येत नव्हती! पण अर्ध्यावर पायाखालचे धक्के एकदम थांबले, बोट उचलली गेली आणि सगळ्या लाँच मागे पडल्या. पहिली आले. मामा कंबरभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "उडाली की! उडाली की गं!" मला मात्र रडू फुटलं. बक्षीस त्यांच्या हातात दिलं, तर सवयीने जोखून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गूळ बंद, भजी बंद, रोज पहाटे श्रीपूरच्या रस्त्याने चालणं सुरू. मामींना वाटलं, दुखणं लागलं. पुढच्या वर्षी शर्यतीच्या सकाळी ते परत काट्यावर चढले. एकोणसत्तर.

"बग पोरी, कुटं कच्चा हाय का?"

मी हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्या दिवशी कंबरभर पाण्यात उभी राहून मी ओरडले, "उडाली की, मामा! उडाली की!"