साडूभाऊंची सेकंडहँड सेडान

ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक येतं, तुटलेला पार्ट काउंटरवर आपटतं, मी मागच्या रॅकमध्ये तसाच पार्ट शोधत बसतो, आणि तेवढ्या वेळात ते कोणाची तरी चुगली करून मोकळं होतं. पार्ट घेऊन जातं, किस्सा ठेवून जातं! शहाद्यात माझं दुकान बावीस वर्षं आहे. तुम्हीच हिशोब करा किती साठले असतील.

पण आज सांगतोय ते माझ्यावरचे आहेत. त्यात मी काही फार चांगला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागून म्हणाल, नाना, तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं!

* * *

तर, मला सगळे नाना म्हणतात. स्पेअर पार्ट विकता विकता माझी एक वेगळीच ख्याती झाली. आमच्या भागात कोणीही जुनी गाडी घ्यायला निघाला की लोक म्हणतात, "आधी नानाले दखाड!" नानाला दाखव. मी पास म्हटलं की सौदा, नापास म्हटलं की गाडी परत.

याला कारण आमच्या पाटील गुरुजींची गाडी. एजंटने त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, एका बाईंची गाडी आहे. फक्त देवळात जायच्या. गाडी नवीच समजा." गुरुजी खूश. पेढे सांगून ठेवलेले.

मी मागचं सीट उचललं. खाली कापसाचं हे एवढं बोंड आणि मूठभर पांढरे दाणे. दाणे बोटावर घेतले आणि एजंटला विचारलं, "काय हो, या बाई देवाला युरिया वाहायच्या का?"

तेव्हापासून माझा शब्द म्हणजे शब्द. अहो, खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. माझ्याकडे दुसरं होतं काय? स्वतःची गाडी म्हणाल तर एक लहानशी हॅचबॅक. पुढे दोन माणसं नीट बसतात, मागे दोन माणसं सहन करतात.

* * *

आता साडूभाऊ. माझ्या मेहुणीचे, सुनीताचे, यजमान. जगदीश. तापीकाठी केळी आणि ऊस. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि केस अजून सगळे काळे. माणूस चांगला आहे. हीच तर अडचण आहे! वाईट असता तर निवांत राग करता आला असता.

एक दिवस दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, येतच राहिली! आधी बॉनेट आलं, मग दरवाजे आले, मग आणखी दरवाजे आले, मग डिकी आली. मोठी सेडान. सुरत पासिंग. आतून जगदीश उतरला.

"नाना, सेकंडहँड शे. आजना दिन तपासाले आनेल शे. तुम्ही हो म्हना, मंग लेस."

ही गाडी मी दहा वर्षं मनात चालवत होतो हो! शोरूममध्ये एकदा उगाच बसूनही आलो होतो. सेल्समन पाणी घेऊन आला तसा मी दुसऱ्या दाराने बाहेर. आणि आता तीच गाडी माझ्याच दुकानासमोर, माझ्याच साडूसाठी, मीच पास करायची!

मी तपासायला लागलो. देवाशप्पथ सांगतो, इतक्या आशेने मी आयुष्यात कुठलाच दोष शोधला नाही. बॉनेटचे बोल्ट पाहिले, कुणी पान्हा लावलेला नव्हता. दारांच्या कडा पाहिल्या, पत्र्याला पुन्हा रंग नाही. स्टेअरिंगचं कातडं मीटरच्या आकड्याशी जुळत होतं. ऑइलचं झाकण उघडलं, स्वच्छ. शेवटचा भरवसा पुरावर होता. तापीला पाणी आलं की सुरतेत गाड्या बुडतात आणि मग धुऊनपुसून आमच्याकडे येतात. एजंट सगळं धुतात, पण सीटबेल्टचं आतलं टोक कोणी धूत नाही. चिखलाची रेघ तिथेच राहते. मी पाचही बेल्ट शेवटपर्यंत ओढले. कोरेकरकरीत!

मग चालवायला घेतली. डोंगरगाव रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. खड्डा दिसत होता, पण कळत नव्हता. मागे बसून पाय लांब केले तर पुढच्या सीटला लागेनात. डिकी उघडली तर आत केळीचे चार घड आडवे झोपतील एवढी जागा. मी पुन्हा एकदा स्टेअरिंगवर बसलो, मग उतरलो आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"बोला नाना, कशी शे?"

आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटं बोललो.

"पुरातली शे," मी म्हणालो. "परत धाडी द्या."

जगदीशने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गाडी वळवून निघून गेला.

* * *

माझा बेत साधा होता. आठ दिवस थांबायचं आणि तीच गाडी आपण उचलायची. साडूला सांगायचं, दुसरी आहे, तशीच दिसते.

आठव्या दिवशी सुरतच्या एजंटला फोन लावला. तो म्हणतो, "अरे नानाभाई, वो गाडी तो कब की गई! आपके साडूभाई ही ले गए!"

म्हटलं, "अहो, पण मी तर..."

"हां, उन्होंने बताया. नाना बोले पुरातली है, सत्तर हजार कम करो. गाडी बिलकुल साफ थी, पर मैं क्या बोलता? नानाने एक बार बोल दिया, तो आपके तालुके में वो गाडी दूसरा कौन लेगा!"

म्हणजे माझ्याच नावाने, माझ्याच साडूला, माझीच गाडी स्वस्तात! त्या दिवशी मी जेवलो नाही. घरी सांगितलं, ॲसिडिटी आहे.

संध्याकाळी जगदीश पेढे घेऊन हजर. "नाना, तुमना मुळे सत्तर हजार वाचनात. पुरातली ते पुरातली, जपीसन चालाडसू!"

ॲसिडिटीवर मी पेढा खाल्ला.

* * *

मला थोडा आनंद त्या गाडीनेच दिला, तोही सांगितला पाहिजे. गाडी खालून घासायची! जगदीशच्या गावापासून शहाद्यापर्यंत मोठे सात स्पीड ब्रेकर, गावकऱ्यांनी हौसेने बांधलेले. पाच माणसं बसली की प्रत्येक ब्रेकरवर खर्रर्र. मग जगदीशने पद्धत काढली. ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, गाडी रिकामी पलीकडे जायची, सगळ्यांनी पुन्हा बसायचं.

एकदा मी त्यांच्या मागेच होतो. सासूबाई, सुनीता, दोन्ही मुलं, सात वेळा उतरली, सात वेळा चढली. मी सातही वेळा मोजलं. शेवटच्या ब्रेकरला राहवेना, काच खाली करून ओरडलो, "काय सुनीता, गाडी चालते की तुम्ही?"

सुनीता हसून म्हणाली, "दाजी, डॉक्टरनी सांगेलच शे रोज चालानं! आते ती बी ए.सी. माईन उतरीसन!"

त्यांना वाईटच वाटत नाही म्हटल्यावर आपण किती मजा घेणार?

* * *

होळीला आम्ही दोन्ही कुटुंबं डोंगरातल्या काठी गावाला, तिथली आदिवासी होळी बघायला निघालो. दोन गाड्या. दुपारी निघताना आमची ही, उषा, म्हणाली, "सुनीतासंगे बसस, गप्पा मारू." म्हटलं बस.

दोन्ही मुलं पुढच्या एका सीटवर, ती मागच्या सीटवर बसली. हिचे गुडघे गेली चार वर्षं दुखतात. तिने पाय लांब केले आणि लहान मुलासारखी ओरडली, "ओ, आठे पाय लांब व्हतस हो!"

इथे पाय लांब होतात, असं माझ्या गाडीत तिने कधी म्हटलेलं नाही. म्हणणार कसं?

माझ्या गाडीत मी एकटा. शेजारी पाण्याचा जार, मागे पुरीभाजीचे डबे, सतरंज्या आणि सासूबाईंची उशी. अक्कलकुव्याला चहाला थांबलो. ते सगळे पुढे येऊन बसलेले, माझी गाडी पाच मिनिटांनी पोचली. चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं, सेडानकडे पाहिलं, आणि जगदीशला अदबीने विचारलं, "साहेब, सामानवाली गाडी बी आपलीच ना? ड्रायव्हरले बी चहा देऊ?"

जगदीश म्हणाला, "दे ना, आद्रकवाला दे!"

* * *

दोन वर्षं गेली. गाडीला काही होईल तर शपथ! पहिल्या सेल्फला स्टार्ट. अव्हरेज चांगलं. ए.सी. असा की सासूबाई शाल घेऊन बसायच्या. आणि जगदीश प्रामाणिक माणूस, ज्याला त्याला सांगायचा, "गाडी पुरातली शे. नानानी तपासेल शे."

आता माझी पंचाईत बघा. लोक गाडी बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. जुन्या गाड्या तपासायला येणं कमी झालं. एक जण तर तपासायला आणलेली गाडी माझ्या दुकानावरून हॉर्न वाजवत दुसरीकडे घेऊन गेला.

कळस केला पाटील गुरुजींनी. एके दिवशी काउंटरला टेकून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नाना, एक काम होतं. मलापण एखादी चांगली पुरातली गाडी बघून द्या!"

मी बेअरिंग शोधायला मागे गेलो तो बराच वेळ बाहेरच आलो नाही. बावीस वर्षांत कमावलेलं एवढंच होतं, माझा शब्द. तोही त्या गाडीच्या डिकीत जाऊन बसला.

* * *

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराची वेळ. उषा डबा घेऊन आलेली. गुरुजी स्टुलावर पेपर वाचत बसलेले. जगदीश आला आणि त्याने काउंटरवर किल्ली ठेवली.

"नाना, सात सीटर दखी ऱ्हायनू. हाई सेडान तुम्ही ली ल्या."

माझा हात किल्लीकडे आपोआप गेला. तो मागे घेतला. विचारलं, "भाव?"

"पुरातलीनाच भाव लावसू. तुम्हीच सांगेल शे ना पुरातली. मी जास्ती कसा लावू?"

उषा किल्लीकडे बघत होती. तिला बोलायचं नव्हतं, पण पाय लांब करायचे होते, ते मला दिसत होतं. मी फक्त "बरं" म्हणायचं होतं. एक शब्द! इतकी वर्षं मनात चालवलेली गाडी, पडत्या भावात, घरच्या घरी. कोणाला काही कळलं नसतं. आणि खरं बोललो तर समोर गुरुजी! जेवायच्या वेळेपर्यंत अख्ख्या शहाद्याला कळलं असतं की नाना साडूवर जळून खोटं बोलला.

काउंटरवरची किल्ली मी जगदीशकडे परत सरकवली.

"जगदीशभाऊ," मी म्हणालो, "वाजवी भाव लावा. ती गाडी पुरातली नाही. कधीच नव्हती. बेल्ट एकदम कोरे होते. मी त्या दिवशी खोटं बोललो."

गुरुजींचा पेपर खाली आला. उषाने डबा घट्ट धरला. "काय बोली ऱ्हायनात तुम्ही?" म्हणाली.

"मला ती हवी होती," मी म्हणालो. "तुम्ही घेताय हे मला बघवलं नाही. बस, एवढंच."

जगदीशने दुसरं स्टूल ओढलं आणि बसला. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्यही नाही.

"माले माहीत शे, नाना."

"कधीपासून?"

"त्याच दिनपाईन. तुम्ही गाडीमाईन उतरनात ना, तुमनं तोंड इतलं उतरी जायेल व्हतं, इतलं उतरी जायेल व्हतं, मी तवयच मनमा म्हनं, काहीबी होवो, हाई गाडी सोडानी नही!"

गुरुजी हसता हसता खोकायला लागले. उषाने किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. जगदीश उठला, दुकानाच्या पायरीपर्यंत गेला आणि वळला.

"सोमवारले सात सीटर तपासाले आनसू. तुम्ही काही बोलू नका, नाना. नुसता गाडीसमोर उभा ऱ्हा!"