सतरा नंबरला टाकलेल्या मुली

आमच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल एका वर्षी शंभर टक्के लागला होता. चौकात फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये मुख्याध्यापक, त्याखाली आम्ही विषयशिक्षक आणि सगळ्यात खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे पोरांचे चेहरे. मी गणिताची. फ्लेक्सवाल्याने मला इतकं गोरं केलं होतं की वर्गातल्या मुली दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होत्या. माझे वडील जळगावहून मुद्दाम एसटीने आले, फ्लेक्सखाली उभे राहिले आणि शेजारच्या पानटपरीवाल्याला म्हणाले, "ही मनी आंडेर शे." ही माझी मुलगी आहे. टपरीवाल्याने त्यांना पान फुकट दिलं.

वडील जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हमाल होते. आई तिथेच डाळ निवडायची. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा एक विषय राहिला होता, तो पुढच्या वर्षी काढला. तेही सांगते. वर्गात पोरांना ते ऐकून बरं वाटतं. स्टाफरूममध्ये आवडत नाही.

आता तो शंभर टक्के कसा आला होता ते लिहिते.

शाळेत न जाता दहावीला बाहेरून बसायचं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. ज्यांची शाळा मागेच सुटली, जे कामाला जातात, ज्या बायकांची लग्नं झाली, त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. आम्ही तिचा दुसराच उपयोग काढला होता. नववीत कच्ची राहिलेली पोरं हेरायची. आईबापांना सांगायचं, बाहेरून बसलं की सोपं जातं. शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा आणि सतराच्या फॉर्मवर सही घ्यायची. पोरगं पुढे नापास झालं तर ते बाहेरचं. शाळेच्या टक्क्याला ओरखडा नाही. "त्याला सतराला टाका" हे वाक्य आमच्याकडे चहा ओतता ओतता बोललं जायचं. आमच्या शेजारच्या शाळांतही हेच चालायचं. त्या फ्लेक्सच्या वर्षी आम्ही चौघांना टाकलं होतं. त्यातल्या दोघींच्या घरी सही आणायला मी गेले होते. गणितात मी हुशार होते. भाजक लहान केला की टक्का वाढतो, एवढं मला कळत होतं.

पुढची दोन वर्षं कसाबसा टक्का टिकला आणि मग घसरला. जिल्ह्याच्या कमी निकालाच्या यादीत आमचं नाव आलं. सरकारी शाळा म्हटल्यावर नोटीसही सरकारी: निकाल कमी का लागला, कारणे दाखवा. मुख्याध्यापक भला माणूस. दोन वर्षांत रिटायर होणार होते. त्यांनी ती नोटीस प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि टेबलाच्या काचेखाली, मुलाच्या लग्नाच्या फोटोशेजारी ठेवली. जूनमध्ये त्यांनी मला बोलावून एक यादी दिली. नववीतून वर आलेली सहा पोरं. म्हणाले, तुमचं घराघरात चांगलं आहे, तुमचा शब्द पडत नाही, तुम्हीच जा.

मी गेले. तेव्हा मी नाही म्हणाले नाही, हे लिहून ठेवायला हवं.

पहिलं घर गादीवाल्या पिंजाऱ्याचं. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, मागच्या खोलीत संसार. त्या माणसाच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कापूस बसलेला. मला बघून त्याने यंत्र बंद केलं आणि गिऱ्हाइकाची कोरी गादी जमिनीवर अंथरून मला त्यावर बसवलं. मी नको म्हणत होते. मास्तरीण घरी आली आणि जमिनीवर बसली तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. मी फॉर्म काढला, बाहेरून बसण्याचे फायदे सांगायला लागले. त्याने पुरतं ऐकलंही नाही. हात लुंगीला पुसले.

"कोठे सही करू, मॅडम? मोठीना येळे बी तुम्हीच येल व्हतात."

मोठीच्या वेळीही तुम्हीच आला होता. हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. उपकार मानून बोलला. फ्लेक्सच्या वर्षी ज्या दोघींच्या सह्या मी आणल्या, त्यातली एक याचीच मोठी मुलगी होती. मी घर विसरले होते. तेव्हा दुकान दुसऱ्या गल्लीत होतं, असं मी स्वतःला सांगितलं, पण माणूस तर तोच होता.

मोठी कशी आहे, म्हणून विचारलं. मालेगावकडे दिली, म्हणाला. एक पोरगं आहे. परीक्षा? हॉल तिकीट आलं होतं, पण केंद्र लांबच्या गावी, रोज नेणार कोण? शिवाय शाळा सुटलेलीच होती, पोर घरी बसून होती, स्थळ आलं. तो हे सगळं असं सांगत होता जसं कुणी यंदा कापूस कसा आला ते सांगतं. तक्रार कुठेच नाही. मग त्याने एकेक अक्षर जोडत, जीभ दातात धरून सही केली.

धाकटी दारात बसून लांब सुईने गादीला टाके घालत होती. माझ्या वर्गात ती मागून दुसऱ्या बाकावर बसायची. बीजगणिताच्या पेपरात तिने मला कोऱ्या पानावर फक्त तारीख लिहून दिली होती. ती उठली, बापाच्या हातातून कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. त्या घरात तो फॉर्म वाचणारं ते पहिलं माणूस.

"मॅडम, माझा हजेरी नंबर एकतीस आहे," ती म्हणाली. "तो आता कोणाला देणार?"

दहा वर्षं मी नोकरी करते. पोरांच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उद्या सांगते म्हणायचं, हे आम्हाला बी.एड.मध्येच शिकवलेलं. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि बापाला म्हणाले, "भाऊ, हा कागद चुकीचा आहे. मोठीच्या वेळचाही चुकीचाच होता."

तो घाबरला. कागदाकडे वाकून बघत म्हणाला, "मनी सही चुकनी का?"

"तुमची नाही. आमची चूक," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोर कागद फाडला. त्याला काही कळलं नसावं. त्याने चहा टाकायला सांगितला.

शाळेत आल्यावर मी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर परत ठेवली आणि सहाही पोरं पटावरच राहतील म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, टक्का पडला तर? पडू द्या, मी म्हणाले. तुमचा विषय आहे, नोटीस तुमच्या नावाने निघेल. निघू द्या. मग त्यांनी सरकारी नोकरीत माणूस शेवटी म्हणतो ते म्हटलं: लेखी द्या. मी तिथेच उभ्याने लिहून दिलं की या सहा विद्यार्थ्यांच्या निकालाची जबाबदारी माझी राहील. बाजूला बसलेले इतिहासाचे सर पेपर खाली न करता बोलले, "मॅडमना आता आदर्श शिक्षक पुरस्कार पाहिजे वाटतं."

"मला वर्गखोली पाहिजे, सर," मी म्हणाले. "सकाळी सातला. किल्ली तुमच्याकडे असते."

त्यांनी किल्ली दिली. सकाळी उठून उघडायला मात्र वर्षभरात एकदाही आले नाहीत, हे सांगितलेलं बरं.

गादीवाल्याच्या मुलीला शिवणकामातून गणित सापडलं, अशी गोष्ट वाचकाला आवडली असती. तसं काही झालं नाही. ती मापं न घेता खोळ अचूक कापायची, आणि फळ्यावर एक्स आला की तिचा चेहरा दगड व्हायचा. सकाळी सातला ती केसात कापूस घेऊन यायची. एकदाही चुकली नाही. सहातला एक मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर मजुरीला गेला आणि माघातच परत आला. त्याला मी सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. माझा नवरा म्हणायचा, पगार एकाच वेळापत्रकाचा मिळतो ना तुला? मी म्हणायचे, भाकरी तूच थाप मग. थापायला लागला. गोल होत नाहीत अजून.

मे महिन्यात निकाल लागला. सहातले चौघे पास झाले. मजुरीला गेलेला त्यातलाच एक, काठावर. एक मुलगा तीन विषयांत गेला. गादीवाल्याची मुलगी बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत तर वर्गात दुसरी, आणि गणितात गेली. एवढ्यावर तिला एटीकेटीने अकरावी आर्ट्सला प्रवेश मिळतो. पण शाळेच्या टक्केवारीत ती नापासच धरली जाते. आमचा टक्का आणखी खाली आला.

जूनमध्ये धुळ्याला बैठक झाली. मोठा हॉल, जिल्ह्याचे साहेब, मागच्या भिंतीवर पंखे. शंभर टक्केवाल्या शाळांचा गुलाब देऊन सत्कार झाला. मग कमी निकालाच्या शाळांच्या विषयशिक्षकांना उभं राहायला सांगितलं. आम्ही बारा-पंधरा जण उभे राहिलो, केस पिकलेली माणसं, वर्गात पोरं उभी करतात तशी. साहेब एकेकाला कारण विचारत पुढे येत होते. कुणी पालक अशिक्षित म्हणालं, कुणी मोबाईल म्हणालं, कुणी नुसतीच मान खाली घातली. माझी पाळी आली.

"कारण?"

"आम्ही पटावरची सगळी पोरं परीक्षेला बसवली, साहेब. सतराला एकही टाकलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली आणि लगेच थांबली. पुढच्या रांगेतल्या एका बाई हातातल्या गुलाबाच्या पाकळ्या सरळ करायला लागल्या. त्यांना दोष देत नाही, तो गुलाब मीही घेतला आहे. साहेब म्हणाले, हे कारण होत नाही. मी म्हणाले, मग माझ्याकडे दुसरं नाही, तसंच लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. ते पुढच्याकडे वळले. बसा म्हणून कुणी सांगितलं नाही, तेव्हा मी माझी बसले.

नोटीस आठवड्याने आली, माझ्या नावाने. खुलासा मी एका ओळीत दिला, बैठकीत दिला तोच. मुख्याध्यापकांनी वाचला, चष्मा काढला, पुसला आणि खाली सही केली. सही करायची त्यांना गरज नव्हती.

पुरवणी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. ती पोर अजून सातलाच येते, आणि तीन विषयांत गेलेला तो मुलगाही. तिला गणित अजून फारसं येत नाही. काल एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं, उत्तर चुकलं, पण पायऱ्या बरोबर होत्या आणि पायऱ्यांना मार्क असतात. पुरवणीचा निकाल शाळेच्या टक्क्यात कुठेच येत नाही. स्टाफरूममध्ये मला विचारतात, मग कशाला एवढं? मी खडू उचलते. तास असतो माझा.