खरा माथा पाव मैल पुढं

"हा माथा नव्हे," डूगल रेनी म्हणाले.

यूना गॅलब्रेथ सुपाचं पातेलं ढवळत होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रहिवाशांनी यायचं नसतं. पण डूगल शहाऐंशी वर्षांचे, त्यातली पन्नास त्यांनी याच डोंगरांत हरणांची राखण करण्यात काढलेली. त्यांना अडवणार कोण? भिंतीवरच्या फोटोला नाक लावून ते उभे होते. फोटोत धुकं, दगडांची एक रास, आणि तिच्यावर हात ठेवून निथळत उभे असलेले यूना आणि तिचा नवरा रॉरी.

"कार्न ग्लासचा माथा आहे तो. फोटोच्या मागं लिहिलंय."

"लिहिशील गं काहीही. राशीशेजारी हद्दीचा खांब दिसतोय ना? मी रोवलाय तो. खऱ्या माथ्यावर खांब नाही. तो माथा पाव मैल पुढं, ईशान्येला."

"धुकं होतं हो."

"म्हणून काय डोंगर सरकला? मीठ घाल त्या सुपात."

स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरची शिखरं दोनशे ब्याऐंशी. ती सगळी पायी चढायची, प्रत्येकाच्या माथ्याला हात लावायचा, मग यादी सांभाळणाऱ्या गृहस्थांना पत्र टाकायचं. ते तुम्हाला एक क्रमांक देतात. पुरावा कुणी मागत नाही. यूना आणि रॉरीनं बावीस वर्षांच्या सुट्ट्या यात घातल्या आणि लागोपाठचे दोन क्रमांक मिळवले. रॉरी याबाबतीत भलता काटेकोर. एकदा घरी जेवताना त्याला शंका आली, की राशीपेक्षा पलीकडचा दगड वीतभर उंच असावा. पुढच्या रविवारी पुन्हा चढला, तिलाही ओढत घेऊन. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा पाद्रीबाबांनी त्याच्या नावापुढं तो क्रमांकसुद्धा वाचला होता.

डूगलांचं बोलणं यूनानं दोन महिने कुणाला सांगितलं नाही. कार्न ग्लासच्या खऱ्या माथ्याला आता हात लावून आलं, तर तिची यादी पुरी होणार होती. पण रॉरीची दोनशे एक्याऐंशीवर अडकणार, कायमची. आणि गेलंच नाही, तर दोघांचाही क्रमांक खोटा.

मार्चमधल्या एका बुधवारी सुट्टी होती. वारा ताशी पन्नास मैलांचा सांगितला होता. तिनं शेजारच्या शीनाला जायची वाट कागदावर लिहून दिली.

"सहापर्यंत आले नाही तर बचावपथकाला फोन कर."

"साडेपाचलाच करते. माझा कचऱ्याचा डबा सकाळी उडून चर्चपाशी जाऊन पडलाय. तू तर त्याच्याहून हलकी."

"डब्याला बूट नव्हते, शीना."

अर्ध्या चढावर एक नवराबायको खाली येताना भेटले. नवऱ्यानं काखेत कुत्रा धरला होता.

"वर उभं राहता येत नाहीये," तो ओरडून म्हणाला.

"ह्यांना खाली बसूनही राहता येत नव्हतं," बायको म्हणाली. "नीट जा हो."

खांबाच्या राशीआड बसून यूनानं चहा प्याला. वारा दगडांच्या फटींतून शीळ घालत होता. आज हवा लख्ख होती, त्यामुळं पुढचा माथा स्पष्ट दिसत होता. इतका उघड, की तिला स्वतःची लाज वाटली. वाऱ्याच्या नावानं परत फिरता आलं असतं. तेवढ्यात वारा पडला. सबबच संपली. ती उठली आणि खिंडीतून पलीकडं चढली.

माथ्यावरची रास कमरेएवढीसुद्धा नव्हती. यूना तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

का थांबली, हे तिला क्षणभर कळलं नाही. मग लक्षात आलं. दोघांचा नेमच होता तो. जो आधी पोचेल त्यानं असं अलीकडं थांबायचं, मागच्याला येऊ द्यायचं, आणि दोघांनी हात एकदम लावायचे. बहुतेक वेळा तीच आधी पोचायची. रॉरी मागून धापा टाकत यायचा. "थांबलीस ना?" विचारायचा. दोनशे एक्याऐंशी माथ्यांवर ते असेच एकमेकांसाठी थांबले होते. खांबापाशीही.

ती उभी राहिली. वारा पुन्हा सुटला, डोळ्यांतून पाणी काढू लागला. बोटं बधिर झाली. हात पुढं केला असता तर दगड लागला असता. रॉरीला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, लाव की, वेडी का खुळी. पण राशीकडं बघून तिचा हात खिशातून निघेना.

ती हात न लावता माघारी वळली.

खाली गाडीत बसून, दार लावून, तिनं वाटेच्या नकाशामागंच मजकूर लिहून काढला. बाहेर वाऱ्यानं गाडी डुलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"महोदय, आमच्या हातून चूक झाली आहे. माझा आणि माझ्या यजमानांचा, दोन्ही क्रमांक कृपया काढून टाकावेत. आमचं एक शिखर बाकी आहे."