पूजेतलं मशीन

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं देवासमोर मांडतात: विळे, खुरपी, फवारणीचा पंप. एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा आईचा नियम. यंदा त्या रांगेत माझं चाकाचे नट खोलायचं बॅटरीवरचं इम्पॅक्ट मशीनही होतं.

मी अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. घरातली पहिली पदवीधर. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, मला झेंडूच्या कॅरेटांसोबत पिकअपमध्ये बसवून कॉलेजला सोडलं. त्यांचा खांदा आता दुखतो, म्हणून पहिल्या बोनसमधून हे मशीन घेतलं.

पूजा झाली, गाडी भरली, आणि अंगणातच मागचं चाक बसलं. झेंडूचा खरा दिवस हा एकच. दुपारी लिलाव संपल्यावर पंचवटीच्या मार्केटात पोचलेला झेंडू गाईंच्या पुढ्यात जातो.

आण्णांनी सीटखालचा पाना काढून लावला. नट हलेना. पान्यावर उभे राहिले, दोनदा उड्या मारल्या. नट तसाच.

"कोणी आवळलंय हे? भीमानं?"

"मी," मी म्हणाले.

कंपनीत नव्या लोकांना मीच सांगते: नट आधी बोटांनी दोन-तीन पेच फिरवा, मशीन हळू वेगावर ठेवा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या आणि शेवटचं आवळणं मोजून, टॉर्क पान्यानं. पण आदल्या रविवारी ह्याच जागी स्टेपनी लावताना आण्णा कौतुकानं बघत होते. मी सगळ्यात जोराच्या वेगावर बटण दाबून धरलं. मशीन कडकडत राहिलं. "लय भारी!" आण्णा म्हणाले, आणि मी आणखी दाबलं.

"मशीन आण," आण्णा म्हणाले.

"पूजेतलं उचलायचं नाय," आई दारातूनच.

"मग देवाला सांग, गाडीला धक्का दे."

"देवाला कशाला? लेकीला सांगा. शिकलीय ना ती!"

"आई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मशीनची नाही."

आईनं कॅरेटांकडे पाहिलं. पहाटेपासून ती फुलं तिनंच तोडली होती. बोटं अजून पिवळी होती. ती आत गेली. देवापुढे हात जोडून म्हणाली, "पोरीला जरा काम हाय, तेवढं वापरू दे." मशीनवरचं फूल काढून स्वतःच्या अंबाड्यात खोचलं आणि मशीन माझ्या हातात दिलं.

"ओढणी बांध आधी. फिरत्यात अडकंल."

हे तिला रविवारी मीच शिकवलं होतं.

ओढणी कमरेला बांधली, चष्मा चढवला, मशीनच्या तोंडच्या सॉकेटमधलं कुंकू पुसलं आणि बॅटरी सगळ्यात शेवटी बसवली. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करायचे असतात. दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कडकड, कडकड, एकेक नट सुटला.

"भीम भीमाचंच ऐकतो," आण्णा हसले.

मग जॅकखाली फळी घातली, गाडी उचलली, रविवारचं पंक्चर काढून आणलेलं चाक चढवलं. नट आण्णांनी बोटांनी लावले. मी हळू वेगावर, समोरासमोरचे घेत, नुसते टेकवले. गाडी खाली घेतल्यावर पाना त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सगळे नट आवळले. मग पहिला परत सोडून पाहिला. पायाच्या एका दाबात सुटला. पुन्हा आवळला.

"आता कुठंबी पंक्चर होऊ दे," म्हणाले.

अकराच्या आत आम्ही पंचवटीत होतो. बारापर्यंत सगळी कॅरेटं रिकामी झाली.

घरी आल्यावर आईनं मशीन परत रांगेत ठेवलं, नवं कुंकू लावलं आणि हात पुढे केला. "तो पाना पण द्या. दरवर्षी गाडीतच राहतो बिचारा."

आण्णांनी पाना बाहेर काढला, तिच्याकडून त्यावर कुंकवाचं बोट लावून घेतलं आणि परत सीटखाली ठेवला.

"ह्याची पूजा हितंच," म्हणाले.