धनीबाईचं अपील

नवरा मेला त्या दिवसापेक्षा तो कागदोपत्री चोर ठरला तो दिवस धनीबाईला जास्त लागला. मेलेल्यासाठी रडता तरी येतं. चोराच्या बायकोला तेवढीही मुभा नसते.

बोरी अरबच्या बाजूला त्यांचा तांडा. शेतावरून गेलेली विजेची तार लोंबकळते आहे, हे तिच्या नवऱ्यानं, देवीलालनं, कंपनीच्या माणसाला दोनदा सांगितलं होतं. तीच तार एका सकाळी तुटून तुरीत पडली आणि देवीलालचा पाय तिच्यावर पडला. नंतर वीज निरीक्षकानं निर्णय दिला, की मयत आकडा टाकून वीज चोरताना दगावला, सबब कंपनीचा दोष नाही. पुरावा काय, तर शेतातल्या बाभळीवर टांगलेला, टोकाला वाकवलेला तारेचा तुकडा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तो तुकडा वाकवला होता खुद्द धनीबाईनं. वीज बंद झाल्यावर धाकट्या दिरानं, राजकुमारनं, भावाच्या पायाला वेढलेली तार कुऱ्हाडीनं तोडली. उरलेला तुकडा लेकराबाळांच्या पायात येऊ नये म्हणून तिनं वाकवून झाडाला अडकवला. निरीक्षक आला तेव्हा पुरुषमंडळी प्रेत घेऊन शवविच्छेदनासाठी दारव्ह्याला गेली होती, बाया घरात रडत होत्या. त्यांना विचारायची गरज साहेबाला वाटली नाही.

तांड्यात कुजबुज सुरू झाली. तिची मुलगी पुष्पा हिच्यासाठी आलेलं स्थळ परत गेलं. तेव्हा धनीबाईनं पदर खोचला आणि वर अपील केलं. लोक म्हणाले, सरकारशी भांडून कोणाचं भलं झालंय? ती म्हणाली, भलं नको, नाव पाहिजे.

अमरावतीला सुनावणी लागली. राजकुमार सोबत होता, पण आत फक्त अर्जदाराला सोडलं. धनीबाई घाबरली नाही.

"साहेब, आकडा नोय तो. तार म्या वाकवली. मले कोनी इचारलंच नाही."

अधिकारी भला होता. त्यानं सगळं नीट ऐकलं, लिहून घेतलं. कंपनीचा वकीलही गोड बोलला. चोरीचा मुद्दा आम्ही सोडतो, म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, बाई, पायाची तार तोडल्यावर तुम्ही काय केलं?

धनीबाईनं मन लावून सांगितलं. काहीच कमी केलं नाही, हे साहेबाला कळावं असं तिला वाटत होतं. करंट लागलेल्या माणसाला मातीत पुरलं की माती करंट ओढून घेते, हे तांड्यातलं पोरही जाणतं. राजकुमारनं ऊर फुटेस्तोवर खड्डा खणला. देवीलालला गळ्यापर्यंत आत ठेवलं. माती सैल राहिली तर ओढत नाही, म्हणून राजकुमारनं ती पायांनी तुडवली. तीच ओरडत होती, आणखी दाब, भाऊ, आणखी दाब.

वकिलानं शवविच्छेदनाचा अहवाल पुढे केला. अधिकाऱ्यानं तो वाचला. मग हळू आवाजात समजावलं. पाय भाजला होता, पण त्यानं जीव गेला नव्हता. छाती दबून श्वास कोंडला होता. चोरीचा शेरा निघेल. मृत्यूचं कारण मात्र हेच लिहावं लागेल.

"म्हंजे पुरला तवा जित्ता होता का?"

अधिकाऱ्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

बाहेर राजकुमार वाट पाहत होता. चोर नाही म्हणाले, एवढंच तिनं सांगितलं. तो तिथेच उकिडवा बसला आणि ढसाढसा रडला.

"भोजाई, निकाल हाती आला का तांड्याच्या नायकाच्या दारात सगळ्याईले वाचून दाखवतो मी. भावासाठी आपून काय नाही केलं!"

"लय केलं तुनं," धनीबाई म्हणाली. तिला त्याच्या पायांकडे पाहवेना.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं अर्ज मागे घेतला. निकाल लिहिला जाण्याआधीच प्रकरण बंद झालं आणि निरीक्षकाचा जुना निर्णय कायम राहिला. राजकुमारनं विचारलं तर म्हणाली, साहेब फिरला, हरलो आपण. त्यानं सरकारला शिव्या दिल्या, तिनं देऊ दिल्या. तांड्यात देवीलाल अजून चोरच आहे. त्याचा भाऊ मात्र दोन घास जेवतो, पुष्पासाठी नवं स्थळ शोधत हिंडतो.